फ्लेमिंगो उडाले की फोकस सुटतो! वन शॉट, एआय सर्व्हो, एआय फोकस, यातलं कधी काय लावायचं?

सीवूडचा निनाद
रविवार, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय.

माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. घेऊन दीड वर्ष झालं. राहायला नवी मुंबईत सीवूडला, टी. एस. चाणक्यची पाणथळ घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, त्यामुळे रविवारी सकाळी भरती असली की मी तिथे असतोच. चरणारे, उभे असलेले फ्लेमिंगो छान येतात, अगदी चोचीवरून ओघळणारं पाणी दिसतं. पण उडाले की संपलं. आज सकाळी सव्वादोनशेच्या वर फोटो काढले, त्यातले उडतानाचे साठेक असतील, घरी येऊन लॅपटॉपवर मोठे करून बघितले तर एकही धड नाही. एकात मागच्या खारफुटीचं पान न् पान मोजता येतंय आणि पुढचा पक्षी मात्र कापसाचा बोळा. दुसऱ्या काहींत सगळंच थोडं थोडं पुसट, नक्की काय चुकलं तेच कळत नाही.

आता होतं काय ते सांगतो. अर्धं बटण दाबलं की बीप वाजतं, खाली हिरवा ठिपका येतो, मला वाटतं लागला फोकस, पण पूर्ण दाबेपर्यंत थवा आणखी जवळ आलेला असतो. तिथेच एका गृहस्थांनी सांगितलं की एआय सर्व्हो लावा. लावलं, तर बीप यायचंच बंद झालं आणि हिरवा ठिपकाही गायब, मला वाटलं फोकसच लागत नाहीये म्हणून परत वन शॉटवर आलो. कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता की एआय फोकसवर ठेवून द्या, तो आपोआप सगळं बघतो. तेही करून बघितलं, काही फरक नाही. यूट्यूबवर बघावं तर सगळे मोठ्या कॅमेऱ्यांचे मेनू दाखवतात, त्यातलं निम्मं माझ्या कॅमेऱ्यात नाहीच.

मला हे तीन मोड कोणीतरी नीट, आपल्या भाषेत समजावून सांगाल का? आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ते नऊ चौकोन असतात त्यांचा याच्याशी काय संबंध? कॅमेरा सर्व्हिसला दाखवायची गरज आहे का?

मुलगी चौथीत आहे, खाडीतल्या पक्ष्यांवर वही करतेय, पहिल्या पानावर तिला बाबांनी काढलेला उडणारा रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हवाय. मेअखेर पक्षी निघून जातील म्हणून जरा घाई आहे.


घणसोलीचा राहुल
रविवार, दुपारी ४:०२

निनाद, मी दोन वर्षं असंच डीएसएलआरवर झगडलो, मग मागच्या दिवाळीत मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेतला. पक्ष्याचा डोळा तो स्वतः शोधतो आणि धरून ठेवतो, मी फक्त पक्षी फ्रेममध्ये ठेवतो. बजेट असेल तर बदलच, उगाच जीव जाळू नकोस.


येऊरची मृणाल
रविवार, रात्री ९:२५

राहुल म्हणतोय ते खरंय, मिररलेसमध्ये हे काम सोपं होतं. पण निनाद, तुझ्या कॅमेऱ्यात फ्लेमिंगो मिळतात, नक्की मिळतात. मी चार वर्षं १३००डीवर काढले, तुझ्याच कॅमेऱ्याचा मोठा भाऊ तो, त्यातही नऊच पॉइंट, म्हणजे तू म्हणतोस ते चौकोन. आणि पक्ष्यांमध्ये फ्लेमिंगो तसा दयाळू आहे, मोठा, संथ, सरळ रेषेत उडणारा. येऊरच्या जंगलात फुलटोच्यासारख्या चिमुकल्या पक्ष्याच्या मागे लागलास तर कळतं फोकस सुटणं म्हणजे काय.

सगळ्यात आधी एक गाठ मनात मारून ठेव, ही मला कोणी सांगितली नव्हती आणि त्यात माझं अख्खं वर्ष गेलं. ऑटोफोकसचे मोड म्हणून जे आपण म्हणतो ते दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. एक, कॅमेऱ्याने फोकस एकदाच लावून थांबायचं की लावतच राहायचं. दोन, कुठे बघून लावायचा. वन शॉट, सर्व्हो, एआय फोकस ही पहिल्या प्रश्नाची उत्तरं. ते नऊ चौकोन हे दुसऱ्याचं. तू पहिलं उत्तर बदलत राहिलास आणि दुसऱ्याला हातच लावला नाहीस, म्हणून काहीही केलं तरी फरक पडला नाही असं मला वाटतंय.

वन शॉट म्हणजे अर्धं बटण दाबलं, फोकस लागला, कुलूप. आता तू बोट तसंच धरून ठेवलंस तर पक्षी पुढे येवो नाहीतर मागे जावो, लेन्स हलणार नाही. बीप त्या कुलपाचा आवाज आहे. उभा पक्षी, देऊळ, घरातल्यांचा ग्रुप फोटो, यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि वन शॉटमध्ये फोकस लागल्याशिवाय कॅमेरा फोटो काढतच नाही.

सर्व्हो म्हणजे बोट खाली असेपर्यंत लेन्स पाठलाग करत राहते. पाठलाग संपतच नाही म्हणून "लागला" असं सांगायचा क्षणच नसतो, म्हणून बीप नाही, हिरवा ठिपकाही नाही. तुझा कॅमेरा अगदी बरोबर चालत होता रे! तू नेमका योग्य मोड लावलास आणि आवाज आला नाही म्हणून सोडून दिलास, वाचून फार हळहळ वाटली. फक्त एक लक्षात ठेव, सर्व्होमध्ये फोकस असो नसो, बटण दाबलं की फोटो निघतो. म्हणजे फोकस आहे की नाही हे व्ह्यूफाइंडरमध्ये आपल्या डोळ्यांनी बघायचं.

एआय फोकस दोन्हींच्या मधलं. सुरुवात वन शॉटने करतो आणि समोरचं हलायला लागलं असं वाटलं की सर्व्होवर जातो. ऐकायला छान, पण ते "वाटलं" यायला वेळ लागतो, थवा उठतो तेव्हा तोच वेळ आपल्याकडे नसतो. शिवाय गवत हललं किंवा आपलाच हात हलला तरी त्याचा गोंधळ होऊ शकतो. आपल्याला माहिती असतं ना की समोरचा बसलाय की उडतोय, मग ते कॅमेऱ्याला कशाला ठरवू द्यायचं. मी तो मोड कधीच लावत नाही.

आता चौकोन. नऊच्या नऊ चालू असले की वन शॉटमध्ये कॅमेरा बहुतेक वेळा जे सगळ्यात जवळ आणि ठसठशीत आहे ते धरतो. पक्ष्याच्या अलीकडे गवताचं पातं आलं की गवत. थवा कडेला आणि मागे खारफुटीची गर्द काळी-हिरवी रेघ असली की ती खारफुटी. तुझ्या त्या पान न् पान फोटोचं रहस्य हेच असणार. मधला एकच पॉइंट निवड. मागे उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पॉइंट निवडायचं बटण आहे ते दाब, मग बाणांनी मधला घे. मधलाच का, तर तुझ्या कॅमेऱ्यात तो एकटा क्रॉस टाइप आहे, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही प्रकारच्या रेषा तो ओळखतो, बाकीचे आठ एकाच दिशेच्या. पक्षी मधोमध धर, रचना नंतर कापून करता येते, २४ मेगापिक्सेल आहेत, भरपूर जागा आहे.

आणि मला सांग, त्या पुसट फोटोंचा शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं होतं, तो किती होता? कुठल्या मोडवर होतास, एव्ही, पी, की हिरव्या ऑटोवर? फोटो बघताना डिस्प (DISP) बटण दाबलंस की सगळं दिसेल. बर्स्ट, म्हणजे बटण धरून ठेवलं की लागोपाठ फोटो निघतात ते, चालू होतं का?


सीवूडचा निनाद
रविवार, रात्री १०:०५

मृणालताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बीपचं वाचून एकदम डोक्यात प्रकाश पडला.

एव्हीवर होतो, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) मी ठरवतो आणि शटर कॅमेरा, अ‍ॅपर्चर ५.६, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, कारण आयएसओ वाढवला की दाणे येतात असं वाचलं होतं. उडतानाच्या फोटोंमध्ये शटर १/३२० दिसतोय, काहींत १/२५०. वेळ पावणेआठच्या आसपास. बर्स्ट बंद, एकेकच काढत होतो. पॉइंट तुम्ही म्हणालात तसे सगळे नऊ चालू.


येऊरची मृणाल
रविवार, रात्री १०:३१

मग तुझे दोन आजार वेगवेगळे आहेत आणि दोन्हींना तू फोकस म्हणतोयस. फोटो पूर्ण मोठा कर आणि बघ. पक्षी पुसट पण त्याच्या मागचं किंवा पुढचं काहीतरी कुरकुरीत असेल तर फोकस चुकला. फ्रेममधलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर हात हलला. पक्ष्याचं डोकं आणि मान ठीक पण पंखांची टोकं पुसली असतील तर शटर कमी पडला. शेवटच्या दोन रोगांवर जगातला कुठलाही फोकस मोड औषध नाही.

२५० एमएमवर १/३२० उडत्या पक्ष्याला पुरत नाही. आयएसओ ४०० कर, त्याच उजेडात शटर आपोआप १/१२५० च्या आसपास जाईल. एवढंच. ४०० ला तुझ्या कॅमेऱ्यात दाणे दिसतही नाहीत फारसे, आणि दाणे असलेला शार्प फोटो कधीही चालतो, पुसट फोटो पुसटच राहतो. बर्स्ट चालू कर, सेकंदाला तीनच फोटो निघतात आपल्या कॅमेऱ्यात पण पंख वर, पंख खाली असं काहीतरी हाताशी लागतं.


कोपरीचे काका
सोमवार, सकाळी ६:५०

मृणालने उत्तम समजावलंय. मी थोडं आतलं सांगतो, कारण आत काय चाललंय हे कळलं की मोड पाठ करावे लागत नाहीत.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो आणि वर जाऊन आपल्या डोळ्याला दिसतो. पण तो आरसा मधल्या भागात अर्धपारदर्शक असतो, त्यातून थोडा उजेड आरपार जातो आणि मागच्या एका छोट्या आरशावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर पोचतो. तिथे लेन्सच्या एका कडेने आलेलं चित्र आणि समोरच्या कडेने आलेलं चित्र शेजारी ठेवून तुलना होते. माणसाचे दोन डोळे अंतर ओळखतात तसंच हे. दोन चित्रं जुळली की फोकस, नाही जुळली तर किती सरकली आणि कुठल्या बाजूला सरकली हे लगेच कळतं, म्हणून लेन्सला एका झटक्यात सांगता येतं की इकडे जा, इतकी जा. सर्व्होमध्ये हेच मोजमाप पुन्हा पुन्हा होतं, आणि बटण दाबल्यापासून आरसा उचलला जाऊन शटर उघडेपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात पक्षी कुठे पोचेल याचाही अंदाज बांधला जातो. म्हणून थवा दिसला आणि लगेच खट्कन फोटो मारला असं करू नका. पक्षी लांब असतानाच मधल्या चौकोनात धरा, अर्धं बटण दाबून एक-दोन सेकंद त्याच्यासोबत फिरा, मग मारा. अंदाज बांधायला कॅमेऱ्याला आधीची चाल दिसावी लागते.

मागच्या स्क्रीनवर बघून, म्हणजे लाईव्ह व्ह्यूमध्ये काढता तेव्हा आरसा वर गेलेला असतो, तो खालचा सेन्सर आंधळा होतो. मग १५००डीमध्ये मुख्य सेन्सरवरचं चित्र किती ठळक झालं एवढंच बघून फोकस लागतो. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना काटा जरा पुढे नेऊन परत मागे आणायचो ना, तसं, म्हणून लेन्स पुढेमागे करते आणि वेळ लागतो. ड्युअल पिक्सेल नावाची सोय असलेल्या कॅमेऱ्यांत तसं होत नाही, कॅननने ती २०१३ मध्ये ७०डीमध्ये पहिल्यांदा आणली, पण ती तुमच्यात नाही. उडत्या पक्ष्यासाठी डोळा व्ह्यूफाइंडरलाच.

आणि यात रेषा लागतात. सेन्सरला तुलना करायला काहीतरी कड हवी, उजेड-अंधाराची सीमा हवी. कोरं आभाळ, पांढरी भिंत, धुकं, यावर तो चाचपडणारच. फ्लेमिंगोच्या पंखाखाली काळी पिसं आणि गुलाबी यांची जी सीमा असते ना, तिच्यावर चौकोन ठेवा, पट्कन पकडतो. नुसत्या फिक्या पोटावर ठेवलात तर घोटाळतो.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. मार्चमध्ये साडेनऊ वाजले की चिखलावरची हवा तापून थरथरायला लागते. लांबचा थवा तेव्हा कितीही अचूक फोकस लावला तरी पाण्याखालून काढल्यासारखा येतो. माणूस फोकसला दोष देत बसतो. त्या वेळी जवळून जाणारे पक्षीच घ्यायचे नाहीतर कॅमेरा बॅगेत ठेवून दुर्बिणीने बघत बसायचं, तोही आनंद मोठा आहे.

सर्व्हिसला न्यायची काही गरज नाही. शंका असेल तर घरी वर्तमानपत्र भिंतीला लावून, कॅमेरा टेबलवर ठेवून, मधल्या पॉइंटने वन शॉटमध्ये फोटो काढा. अक्षरं स्वच्छ आली तर कॅमेरा आणि लेन्स ठणठणीत आहेत.


नौपाड्याची स्नेहल
सोमवार, दुपारी १:१५

मध्येच घुसतेय, वेगळा धागा काढत नाही. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, त्यात वन शॉट-सर्व्हो असं काही नाही, एएफ-एस, एएफ-सी, एएफ-ए आहे. तेच का हे? आणि ३डी ट्रॅकिंग म्हणून आहे ते काय? पाडव्याच्या शोभायात्रेत भाची लेझीमच्या पथकात आहे, आणि पुढच्या महिन्यात तिच्या नाचाच्या क्लासचा कार्यक्रम आहे हॉलमध्ये. मागच्या वर्षी हॉलमधल्या अंधारात लेन्स नुसती घुर्र घुर्र करत पुढेमागे होत राहिली आणि तिचा नाच संपला, माझ्याकडे एकही फोटो नाही. बहिणीला काय सांगू असं झालं होतं.


येऊरची मृणाल
सोमवार, रात्री ९:४०

स्नेहल, हो, तेच. एएफ-एस म्हणजे वन शॉट, एएफ-सी म्हणजे सर्व्हो, एएफ-ए म्हणजे मधला. नावं कंपनीची, काम एकच. तुझ्याकडे ३९ पॉइंट आहेत, त्यातले मधले ९ क्रॉस टाइप.

कुठे बघायचं या प्रश्नाची उत्तरं मात्र तुझ्याकडे जास्त आहेत. सिंगल पॉइंट म्हणजे एकच. डायनॅमिक म्हणजे तू निवडलेला एक मालक आणि आजूबाजूचे त्याचे मदतनीस, भाची क्षणभर मालकाच्या चौकोनातून सरकली तर शेजारचे सांभाळून घेतात, ९, २१ किंवा ३९ असे निवडता येतात. ३डी ट्रॅकिंगमध्ये तू एका पॉइंटने तिला पकडून दिलंस की कॅमेरा रंग लक्षात ठेवतो आणि ती फ्रेममध्ये इकडे तिकडे गेली की पॉइंटही तिच्यामागे सरकतो. एकटी मुलगी हिरव्या झाडीसमोर लाल फ्रॉकमध्ये पळत असेल तर कमाल चालतं. पण लेझीमच्या पथकात सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या नऊवाऱ्या, एकसारखे फेटे, तिथे तो भाचीला सोडून शेजारणीला धरणार. शोभायात्रेला एएफ-सी आणि डायनॅमिक ९ लाव, चौकोन तिच्या चेहऱ्यावर ठेव. राम मारुती रोडवर गर्दीत मध्येच कोणीतरी झेंडा घेऊन आडवा जातो, तेव्हा लगेच बोट उचलून परत दाबायची घाई करू नकोस, धरून ठेव, बऱ्याचदा झेंडा गेला की फोकस तिच्यावरच परत येतो.

हॉलचं काकांनी सांगितलं त्यातच उत्तर आहे, कड शोधायची. अंधारात चेहरा सपाट दिसतो, कॅमेऱ्याला काही हाताला लागत नाही. साडीच्या जरीच्या काठावर, केसांतल्या गजऱ्यावर, कपाळाच्या बिंदीवर चौकोन ठेव. मधला पॉइंट वापर. आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सपेक्षा ५० एमएम १.८ (हा आकडा अ‍ॅपर्चरचा, जितका लहान तितकं भोक मोठं) मिळाली कोणाची तर घेऊन जा, तिच्यातून जास्त उजेड आत येतो. निकॉनची घेताना मात्र एएफ-एस लिहिलेली बघून घे (इथे एएफ-एस हा लेन्सचा प्रकार, वरचा मोड नाही), जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते आणि डी५६०० च्या बॉडीतही नाही, त्या तुझ्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करणारच नाहीत. मात्र १.८ वर दोन मीटरवरून काढलास तर जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटरचा पट्टा शार्प येतो, म्हणजे डोळ्यावर फोकस लावून मग कॅमेरा फिरवून रचना केलीस तर तेवढ्यातच डोळा सुटतो. पॉइंटच सरकवून डोळ्यावर न्यायचा, कॅमेरा फिरवायचा नाही. २.८ केलंस तर थोडा श्वास घ्यायला जागा मिळेल.


सीवूडचा निनाद
मंगळवार, रात्री ११:२०

आज संध्याकाळी गच्चीवर जाऊन घारी आणि कावळ्यांवर सर्व्हो आणि मधला पॉइंट लावून बघितलं, आयएसओ ४०० वर अंधार वाटला म्हणून ८०० केला. फरक आहे!! पण एक अडचण, घार चौकोनातून सुटली की लेन्स एकदम आभाळात हरवते आणि परत येईपर्यंत घार गेलेली असते. आणि बसलेल्या कावळ्यासाठी परत वन शॉट, उडाला की परत सर्व्हो, या खटाटोपात दोनदा संधी गेली.


येऊरची मृणाल
बुधवार, सकाळी ८:०५

दोन्हीवर एकच इलाज, बॅक बटन फोकस. मेनूमध्ये कस्टम फंक्शनमध्ये जा, शटर/एई लॉक बटण असा पर्याय आहे, त्यात ३ नंबर निवड. आता फोकसचं काम शटरकडून निघून मागच्या चांदणीच्या बटणाकडे जातं, जे अंगठ्याखाली येतं. कॅमेरा कायम सर्व्होवरच ठेव. अंगठा दाबून धरलास की पाठलाग, सोडलास की लेन्स जिथे आहे तिथेच गप्प, म्हणजे झालं की वन शॉट. घार सुटली असं दिसलं की अंगठा उचल, लेन्स आभाळात पळणार नाही, घार परत चौकोनात आली की दाब. पहिले दोन दिवस अंगठा विसरतो आणि फोटो पुसट येतात, घाबरून बंद करू नकोस. आणि घरात दुसऱ्या कोणाच्या हातात कॅमेरा देताना सांगून दे.

घारी निवडल्यास ते उत्तम, एकाच जागी घिरट्या घालतात. बगळ्यांवरही हात बसतो, त्यांचं उडणं संथ असतं.


कोपरीचे काका
बुधवार, सकाळी ९:१२

या रविवारी मात्र त्याच वेळेला जाऊ नका. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, सात दिवसांत जवळजवळ सहा तास होतात, म्हणजे गेल्या रविवारी सकाळी भरती होती तर येत्या रविवारी त्या वेळेला ओहोटी. ओहोटीला पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर चरायला जातात, पाणथळीत येतात ते भरतीला. त्याच्या पुढचा रविवार धरा.

आणि वाऱ्याकडे लक्ष ठेवा. हे पक्षी जड, पाण्यावर दहा-बारा पावलं धावल्याशिवाय उठत नाहीत, आणि उठताना तोंड वाऱ्याकडे. वारा तुमच्या पाठीमागून असेल तर ते तुमच्याच दिशेने उठतात. मान ताणून पाण्यावर धावायला लागले की अंगठा दाबायचा, उठेपर्यंत फोकस बसलेला असतो.

पक्षी उडावेत म्हणून कोणी टाळ्या वाजवत असेल, खडा टाकत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. भरतीच्या वेळी तिथे ते विसावा घ्यायला येतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य केलं, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा रामसरचा दर्जा मिळाला, पण पाणथळीवर समोर उभे असतो ते आपणच. थांबलात तर ते आपणहून उडतात.


सीवूडचा निनाद
दोन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १२:४०

मिळाला!!!

सकाळी सव्वासातला पोचलो. मधला पॉइंट, सर्व्हो, बर्स्ट, आयएसओ ४००, शटर १/१००० ते १/१२५०, बॅक बटन. वारा डाव्या हाताचा होता म्हणून काकांचं ऐकून कठड्याच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिलो, बाकी सगळे मध्ये गर्दी करून होते. पाऊण तास काहीच नाही. मग वीसेक पक्षी एकदम माना ताणून चालायला लागले, मी सगळ्यात अलीकडचा एक धरला, पंखाच्या काळ्या पिसांवर चौकोन ठेवला, अंगठा दाबला आणि त्याच्यासोबत वळत राहिलो. बीप नाही, ठिपका नाही, पण व्ह्यूफाइंडरमध्ये तो हळूहळू स्वच्छ होत गेलेला डोळ्यांनी दिसला, तेव्हा मारले. अकरा फोटो निघाले, पहिले दोन पुसट, तिसऱ्यापासून सहा लागोपाठ शार्प, मग पुढे एक बगळा आडवा गेला आणि मी घाबरून अंगठा सोडला. धरून ठेवायला हवा होता, स्नेहलताईंना सांगितलेलं मला आठवलं पण उशिरा.

पाचव्या फोटोत दोन्ही पाय अजून पाण्याला टेकतायत, मागे त्याच्या पावलांच्या गोल गोल चकत्या उमटल्यात, आणि पिवळा डोळा स्पष्ट दिसतोय. मुलीने मोठा करून बघितला आणि म्हणाली बाबा याची चोच फिकी गुलाबी आणि फक्त टोक काळं आहे, म्हणजे हा मोठा रोहित, लहान रोहितची चोच गडद लाल असते. हे तिनेच मला सांगितलं, मी फोकसच बघत होतो.

उजवीकडे थोडं कापून प्रिंटला दिलाय. साडेनऊनंतरचे फोटो काकांनी सांगितलं तसेच थरथरलेले आलेत, ते बाजूला ठेवले.


नौपाड्याची स्नेहल
रविवार, दुपारी २:०५

वा!! फोटो टाका ना इथे. माझी शोभायात्रा झाली, डायनॅमिक ९ ने भाची एकदम मस्त आली, लेझीम डोक्यावर नेतानाचा फोटो बहिणीने डीपीला लावलाय. हॉल अजून बाकी आहे, ५० एमएम मिळाली मैत्रिणीची, एएफ-एस लिहिलंय बघून घेतलं. मृणाल, स्टेजवर मागे एलईडीची भिंत असते हल्ली, त्यावर फोकस जाईल का?


येऊरची मृणाल
रविवार, दुपारी ३:३०

सगळे पॉइंट चालू ठेवलेस तर नक्की जाईल, ती भिंत ठसठशीत असते. सिंगल पॉइंट, मधला, गजऱ्यावर. आणि पहिल्या रांगेत मधोमध बसू नकोस, थोडं कडेला बस, म्हणजे तिच्या मागे भिंतीऐवजी विंगेतला काळा पडदा येईल आणि गजरा त्याच्यावर उठून दिसेल, तुलाही आणि कॅमेऱ्यालाही.

निनाद, फोटोची वाट बघतेय.